गांदियाला (स्पेन) बिऱ्हाड हलवायचं म्हणतोय : माहिती हवी आहे

जाईजुई

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्याचे. मी, नवरा आणि साडेचार वर्षांची लेक. नवऱ्याची सॉफ्टवेअरमधली नोकरी पूर्णपणे घरून चालते. मी पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठं करते, तेही घरूनच. गेल्या जुलैत व्हॅलेन्सियाला फिरायला गेलो होतो. तिथून लोकलने तासाभरावर असलेलं गांदिया बघायला म्हणून गेलो आणि ठरल्यापेक्षा जास्त दिवस तिथेच राहिलो. लांबच लांब वाळूचा किनारा, मागे डोंगर, मधे संत्र्यांच्या बागा. रात्री दहाला चौकात आजीआजोबा बाकांवर बसलेले आणि पोरं निर्धास्त खेळतायत, हे बघून लेक म्हणाली, आपण इथेच राहूया. तेव्हा हसण्यावारी नेलं, पण आता दोघंही खरंच विचार करतोय. निदान तीनेक वर्षं तरी.

व्हिसा कुठला, घर कसं शोधायचं, शाळेचं काय, आणि मुख्य म्हणजे रोजचं जगणं कसं असतं? तिथे किंवा आसपास राहणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा. व्हिडिओ भरपूर पाहिले, पण सगळे उन्हाळ्यातच काढलेले वाटतात.

खाडीकाठ

जाईजुई, मी मूळचा रत्नागिरीचा, बरीच वर्षं गांदियात आहे. शेवटचं वाक्य तुम्ही अगदी बरोबर लिहिलंत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गांदिया ही खरं तर दोन गावं आहेत. मूळ शहर समुद्रापासून चारेक किलोमीटर आत आहे. बाजार, नगरपालिका, बोर्जा घराण्याचा राजवाडा, लोकलचं मुख्य स्टेशन, सगळं तिकडे. पंचाहत्तर-ऐंशी हजारांची वस्ती बारा महिने जागती असते. दुसरं गाव म्हणजे किनाऱ्यावरचं, ज्याला इथे प्लाया म्हणतात. उंच इमारतींच्या रांगा, आणि त्यातली बहुतेक घरं माद्रिद-व्हॅलेन्सियाच्या लोकांची सुट्टीतली. तुम्ही पाहिलंत ते हे. ऑगस्टमध्ये इथे चटई टाकायला जागा मिळत नाही आणि नोव्हेंबरात जत्रा उठल्यावरचं मैदान. हॉटेलांची शटरं खाली, दहा मजली इमारतीत दोन खिडक्यांत दिवा. या दोन्हींच्या मधे ग्राउ, म्हणजे बंदराची वस्ती. ती लहान आहे, पण कोळी, विद्यापीठाचे विद्यार्थी आणि जुनी कुटुंबं यांच्यामुळे वर्षभर जिवंत असते.

लहान मूल घेऊन येताय, तर राहायला शहर किंवा ग्राउ. किनाऱ्यावर सायकलने जाता येतं. समोर समुद्र हवा म्हणून प्लायावर घर घेतलेली आणि पहिल्या हिवाळ्यातच गाशा गुंडाळलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. मुलांना खेळायला कोणी नाही, दूध आणायलाही लांब जावं लागतं, आणि संध्याकाळी सहाला अंधार. म्हणून कळकळीने सांगतो, पक्कं ठरवण्याआधी जानेवारीत एकदा येऊन राहा.

कागदीघोडे

व्हिसाबद्दल मी लिहिते. माझं कामच कागदपत्रांचं आहे. (वकील नाही, अर्ज करण्याआधी वकिलाला दाखवाच.)

तुमच्यासारख्यांसाठी स्पेनने २०२२ च्या स्टार्टअप कायद्यात डिजिटल नोमॅड व्हिसा आणला, २०२३ पासून तो मिळू लागला. अर्जदाराचं उत्पन्न स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट लागतं. २०२५ च्या हिशेबाने महिन्याला सुमारे २,७६३ युरो. जोडीदारासाठी किमान वेतनाच्या ७५ टक्के आणि मुलासाठी २५ टक्के वर धरा, म्हणजे तुम्हा तिघांना ४,१०० युरोंच्या थोडं वर. पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव लागतो. कंपनी किमान वर्षभर जुनी हवी, तुमचा तिच्याशी संबंध किमान तीन महिन्यांचा हवा, आणि "हा माणूस स्पेनमधून काम करू शकतो" असं तिने स्पष्ट लिहून द्यायला हवं. भारतातल्या वकिलातीतून केलात तर व्हिसा एक वर्षाचा येतो. कायदेशीर प्रवेश करून स्पेनमध्ये अर्ज केला तर परवाना थेट तीन वर्षांपर्यंतचा मिळू शकतो.

आता खरी मेख. नवरा भारतीय कंपनीत पगारी असेल, तर सामाजिक सुरक्षेचा प्रश्न येतो. भारताचे जर्मनी, फ्रान्स, पोर्तुगाल अशा देशांशी याबाबत करार आहेत, स्पेनशी तसा लागू नाही. त्यामुळे भारतातला पीएफ दाखवून भागत नाही. एकतर कंपनीने स्पेनच्या सामाजिक सुरक्षेत नोंदणी करायची, किंवा नवऱ्याने नोकरी सोडून त्याच कंपनीसाठी कंत्राटावर काम करायचं आणि स्पेनमध्ये आउतोनोमो, म्हणजे स्वयंरोजगारी म्हणून नाव नोंदवायचं. पहिली गोष्ट करायला कंपन्या सहसा तयार होत नाहीत. दुसरीत ग्रॅच्युइटी, रजा, विमा सगळं सुटतं. हा निर्णय घरात बसून शांतपणे घ्या. घर आणि शाळा हे प्रश्न त्यानंतरचे. नव्या आउतोनोमोला पहिलं वर्ष महिन्याला साधारण ८० युरोंची सवलतीची वर्गणी आहे, पुढे ती उत्पन्नानुसार वाढते.

जाईजुई

बाप रे, पीएफचा मुद्दा आम्हाला कुणीच सांगितला नव्हता. कंपनी भारतीयच आहे. आज रात्री याच विषयावर बोलणं. कागदीघोडे, कागदपत्रं कोणती जमवायला घेऊ?

कागदीघोडे

लग्नाचा दाखला, लेकीचा जन्मदाखला, पदवी, पोलीस क्लिअरन्स. सगळ्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का), मग स्पेनच्या मान्यताप्राप्त शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. क्लिअरन्स सगळ्यात शेवटी काढा, तो लवकर शिळा होतो.

एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडे नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. स्पॅनिश अर्जात एक नाव आणि दोन आडनावांच्या चौकटी असतात. खिडकीपलीकडचा माणूस मधलं नाव पहिलं आडनाव समजून टंकतो आणि ओळखपत्रावर तुमचं आडनाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव होऊन बसतं. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पदवीवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं असं असेल तर ती एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून त्यावरही अपॉस्टिल घ्या. पासपोर्टवरचं स्पेलिंग हेच प्रमाण. दाखल्यात एक अक्षर वेगळं असेल तर नगरपालिकेत जाऊन दुरुस्त करून घ्या. स्पेनला गेल्यावर हे निस्तरणं फार जिवावर येतं.

रानजाई

वाचनखूण साठवली. फार उपयुक्त धागा.

खाडीकाठ

घराबद्दल.

गांदियात भाड्याच्या जाहिराती पाहिल्यात तर ढीगभर घरं "सप्टेंबर ते जून" अशी दिसतील. ती विद्यार्थ्यांना दिली जातात. जूनअखेरीस बाहेर पडायचं, कारण जुलै-ऑगस्टमध्ये मालक तेच घर पर्यटकांना आठवड्याच्या भावाने देतो. भाडं बघून मोह होतो, पण दर उन्हाळ्यात बोचकी बांधून कुठे जाणार? तुम्हाला कायमच्या राहण्याचा करार हवा. कायद्याने तो भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत राहू देतो (मालक कंपनी असेल तर सात). अनामत एक महिन्याची, त्यावर फार तर आणखी दोन महिन्यांची हमी मागता येते. मे २०२३ पासून अशा करारात दलालाची फी मालकाने द्यायची आहे. काही जण ती वेगळ्या नावाखाली भाडेकरूकडून काढू बघतात. नम्रपणे नाही म्हणा.

करार हातात आला की पहिलं काम नगरपालिकेत रहिवासी नोंदणी, म्हणजे एम्पाद्रोनामिएन्तो. शाळा, आरोग्य कार्ड, सगळं त्यावर अडतं. करारावर ही नोंदणी करायला मालक तयार आहे ना, हे सही करण्याआधी विचारा.

घर बघताना काय बघायचं ते सांगतो. इथली जुनी घरं उन्हापासून वाचायला बांधलेली आहेत. फरशी थंड, भिंतीत ऊबदार थर नाही, हीटिंग बहुधा नाहीच. जानेवारीत बाहेर दुपारी पंधरा-सोळा अंश आणि छान ऊन असतं, आणि घरात स्वेटर घालून बसावं लागतं. समुद्राचा दमटपणा वेगळाच. उत्तरेकडच्या खोलीत कपाट थोडं पुढे ओढून मागची भिंत बघा. काळे ठिपके किंवा ताजा रंग दिसला तर ते घर सोडा. दक्षिणेचं ऊन येणारं घर मिळालं तर थोडं भाडं जास्त गेलं तरी घ्या. वीजजोडणी किती किलोवॅटची तेही विचारा. ३.४५ ची असेल तर हीटर, ओव्हन आणि गीझर एकदम लावला की मेन पडतो. जुन्या घरांत गॅस म्हणजे साडेबारा किलोचा नारंगी सिलिंडर. तो गाडीवाला आणून देतो, पण लिफ्ट नसेल तर मजल्याचा विचार करा.

आणि पाणी. या किनाऱ्यावर शरद ऋतूत जो पाऊस होतो त्याची कल्पना मुंबईकरांनाच येईल. उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावरून दमट हवा येते, वर थंड हवेचा भोवरा अडकून बसतो, मागे डोंगर. आमच्या शेजारच्या ऑलिवा गावात ३ नोव्हेंबर १९८७ ला एका दिवसात ८१७ मिलिमीटर पाऊस पडला होता. २९ ऑक्टोबर २०२४ ला व्हॅलेन्सिया शहराच्या दक्षिणेला जो पूर आला तो सगळ्यांनी पाहिला. दोनशेहून अधिक माणसं गेली. पाइपोर्तासारख्या गावांत त्या वेळी पाऊसही नीटसा नव्हता. वरच्या खोऱ्यातलं पाणी कोरड्या ओढ्यातून खाली आलं. मोबाइलवर इशारा आला तोवर रात्रीचे आठ वाजून गेले होते आणि कित्येक जण तळघरातून गाड्या काढायला उतरलेले होते. तेव्हा तळमजला नको. घराचा पत्ता सरकारी पूरनकाशात टाकून बघा, तो सगळ्यांना खुला आहे. घराचा छोटा का होईना विमा काढा. विमा असेल तरच पुराची भरपाई देणाऱ्या सरकारी निधीकडे दावा करता येतो.

निवृत्तमुसाफिर

आम्ही दोघं ठाण्याचे, निवृत्त. आम्हाला कामधंदा करायचा नाही. पेन्शन आणि ठेवींच्या व्याजावर राहता येईल का? घर विकत घेऊन व्हिसा मिळतो असं ऐकलं होतं.

कागदीघोडे

काका, घर घेऊन मिळणारा गोल्डन व्हिसा स्पेनने ३ एप्रिल २०२५ ला बंद केला. कुणी अजून विकत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

तुमच्यासाठी नॉन-ल्युक्रेटिव्ह व्हिसा. त्यात कुठलंही काम करायचं नाही, घरून ऑनलाइनसुद्धा नाही. वर्षाला २८,८०० युरो अर्जदाराचे आणि ७,२०० जोडीदाराचे, म्हणजे ३६,००० युरो पेन्शन, व्याज किंवा शिल्लक यातून दाखवावे लागतात. खासगी आरोग्य विमा लागतो, उपचाराच्या वेळी खिशातून काही भरावं लागणार नाही असा. तुमच्या वयात तो महाग पडतो आणि जुने आजार वगळतात. वर्षभर नोंदणीकृत राहिल्यावर सरकारी आरोग्यसेवेत पैसे भरून सामील होता येतं, ६५ च्या खाली महिन्याला ६० युरो, वर १५७.

करांचंही आधीच बघा. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की तुम्ही स्पेनचे करदाते, जगभरच्या उत्पन्नावर. भारताशी दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण पीपीएफचं व्याज इथे करमुक्त म्हणून तिथेही करमुक्त असं धरून चालू नका. शिवाय बँकेतल्या ठेवी, शेअर-फंड आणि स्थावर या तीन गटांपैकी एखादा ५०,००० युरोंच्या वर असेल तर ३१ मार्चपर्यंत ७२० नंबरचा फॉर्म भरून ते जाहीर करायचं असतं. ठाण्याचा एक फ्लॅट सहज त्यात बसतो. आणि भारतातलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्यायला विसरू नका.

मांडवीकाठ

गोंयच्या मंडळींसाठी एक वेगळी वाट आहे, म्हणून लिहितो. ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मले, त्यांना पोर्तुगालच्या नागरिकत्व नोंदीचा मार्ग असू शकतो. तो पासपोर्ट असेल तर युरोपीय नागरिक म्हणून स्पेनमध्ये व्हिसा न घेता येता येतं. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर काम किंवा पुरेसं उत्पन्न दाखवून नोंदणी केली की झालं. माझं तसंच झालं.

पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढावं लागतं. आमच्या घरात यावरून म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कागद जमतात म्हणून घाई करू नये, घरच्यांशी बसून बोलावं.

पिंपळपान

दुसरी बाजूही यायला हवी म्हणून लिहितेय. आम्ही देनियात राहत होतो, गांदियाच्या दक्षिणेला. गाव देखणं आहे. पण व्हॅलेन्सियाला जायला रेल्वे नाही (गांदियापर्यंतचा जुना मार्ग १९७४ मध्ये बंद झाला), बस किंवा गाडी. आणि गाडी चालवायची तर भारतीय लायसन्स बदलून मिळत नाही. रहिवासी झाल्यावर सहा महिने ते चालतं, नंतर ड्रायव्हिंग स्कूल, लेखी परीक्षा, प्रत्यक्ष परीक्षा सगळं नव्याने. लेखी इंग्रजीत देता येते, तीस प्रश्नांत तीनपेक्षा जास्त चुका चालत नाहीत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आपली पदवी तिथे समकक्ष ठरवून घेण्याची प्रक्रिया फार लांबते, तोवर त्या पेशात काम करता येत नाही. नवरा दिवसभर लॅपटॉपसमोर, मी घरात, भाषा येत नाही. इंग्रजांच्या वस्तीत इंग्रजीवर भागतं, पण दवाखान्यातल्या नर्सशी आणि शाळेतल्या बाईंशी भागत नाही. मराठी माणूस महिनोन् महिने दिसायचा नाही. गणपतीला मी एकटीने आरती म्हटली तो दिवस फार जड गेला. आम्ही परत आलो आणि इथे सुखात आहोत. गावाबद्दल मनात काही नाही. जाईजुई, तुमचं काम तुमच्याबरोबर येतंय हे फार मोठं आहे, ते कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. आणि स्पॅनिशचा वर्ग पुण्यातच सुरू करा, आजपासून.

खाडीकाठ

पिंपळपान, मनापासून लिहिलंत. एकटेपणाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत.

माझ्या बाबतीत गाव उलगडलं ते बंदरावर. कोकणातला असल्यामुळे पाय आपोआप तिकडे वळले. ट्रॉलर सकाळी अंधारात जातात आणि त्याच दिवशी दुपारी चार-पाचला परत येतात, मागे बगळ्यांसारखा सीगलांचा थवा. मग लिलाव. आपल्याकडे रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर बोली वर चढत जाते, इथे उलट. पेट्या पट्ट्यावरून सरकतात, फलकावर भाव चढा सुरू होऊन झरझर खाली येतो आणि ज्याला परवडला तो हातातलं बटण दाबतो. कुणी ओरडत नाही. फार वेळ थांबलं तर माल जातो, घाई केली तर महाग पडतो. व्यापाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मी रोज उभा राहायला लागलो तेव्हा एका म्हाताऱ्या कोळ्याने विचारलं, तुमच्याकडे माकूळ कशी करतात? मोडक्या स्पॅनिशमध्ये कोकम आणि तिरफळ समजावताना आमची ओळख झाली, आणि पुढे त्याच्या घरचा फिदेउआ माझ्या ताटात आला. तांदळाऐवजी भाजलेल्या शेवया, माशांच्या सारात शिजवलेल्या. हा पदार्थ याच बंदरातला, असं इथले लोक अभिमानाने सांगतात.

बोटी शनिवार-रविवार जात नाहीत, त्यामुळे सोमवारी सकाळी मासळी घेऊ नका. मांदेलीच्या कुळातले बोकेरोनेस आणि बांगड्याचे भाऊबंद स्वस्त मिळतात. बेसन साध्या सुपरमार्केटात छोल्याचं पीठ म्हणून मिळतं, कोथिंबीरही. पोहे, गोडा मसाला, हिंग मात्र पुण्याहून. बाकी वाणसामान व्हॅलेन्सियाच्या रुसाफा भागात.

जाईजुई

किती छान लिहिलंत खाडीकाठ. पिंपळपान, तुमचंही. मी वाचून दाखवलं तेव्हा नवरा बराच वेळ गप्प होता.

लेकीच्या शाळेबद्दल थोडं सांगाल का? तिथे दोन भाषा असतात ना? आणि माझी आई इथे एकटी आहे. ती येऊन राहू शकेल का?

खाडीकाठ

तीन वर्षांपासून सरकारी बालवर्ग मोफत, सहाव्या वर्षापासून सक्तीचं. गांदियात घराघरात व्हॅलेन्सियन बोलतात, शाळेतही ती आणि स्पॅनिश दोन्ही असतात, शिवाय इंग्रजी. साडेचार वर्षांचं मूल वर्षभरात दोन्हींत भांडायला लागतं, त्याची काळजी करू नका. घरी मराठीच बोला, तीच पहिली मागे पडते. प्रवेशाचे अर्ज वसंतात निघतात, म्हणून आधी शाळा बघा आणि मग तिच्या आसपास घर शोधा.

कागदीघोडे

आईबद्दल. नोमॅड परवान्यावर आईला आणता येतं, पण ती तुमच्यावरच अवलंबून आहे हे सिद्ध करावं लागतं. तिच्या नावे पेन्शन किंवा घर असेल तर ते अवघड जातं. भावंडं असतील तर तीही विचारतात. बहुतेक जण शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांत थोड्या मुक्कामाला चालणाऱ्या) बोलावतात. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. निमंत्रणपत्र तुमच्या गावच्या राष्ट्रीय पोलीस कार्यालयातून काढावं लागतं, त्याला वेळ लागतो, तेव्हा आधी सुरुवात करा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर येण्याजाण्याची डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे दिवस आपोआप मोजले जातात, एकही जास्त होऊ देऊ नका.

पहिल्यांदा बोलवाल तेव्हा एप्रिल-मे निवडा. घर गार नसतं, गर्दी नसते, आणि लेकीची शाळा चालू असते, म्हणजे दुपारी आणायला आजी जाऊ शकते.